चर्चमध्ये शिध्याची खोली चालवायची असेल तर : सोलापुरातला आमचा अनुभव

गेल्या काही महिन्यांत तीन-चार मंडळ्यांमधून, म्हणजे दुसऱ्या चर्चमधून, फोन आले, की आमच्याकडे पण गरजू घरांना महिन्याचा किराणा द्यायचं चाललंय, तुम्ही कसं करता ते सांगा. प्रत्येकाला तेच तेच सांगून घसा बसला म्हणून एकदाच सगळं टाइप करतेय, लांब झालंय, चहा घेऊन बसा.

आधी आमची चूक सांगते म्हणजे पुढचं पटेल. आम्ही सुरुवात केली ती मोठ्या उत्साहात, दोन महिने भरभरून किट दिले, दहा-दहा किलोचे, आणि तिसऱ्या महिन्यात पैसेच संपले. कुणाला कळवायचं पण सुचलं नाही. त्या शनिवारी एक अक्का रिकामी पिशवी घेऊन आल्या, दाराला कुलूप बघून तिथंच कट्ट्यावर बसल्या, मी योगायोगाने सन्डेस्कूलचं सामान ठेवायला गेलते म्हणून भेट झाली. म्हणाल्या, "मी डाळ आणलीच नाही की ओ बाई या वेळी, तुमची येणार म्हणून." दिवसभर बिड्या वळणारी बाई, आठवड्याच्या हप्त्यात डाळीचे पैसे बाजूला काढले असते तर निघाले असते, पण आमच्या भरवशावर तिने ते दुसरीकडे घातले होते. म्हणजे आम्ही मदत करून तिचा महिना बिघडवला. तेव्हापासून ठरवलं, देऊ ते थोडं देऊ पण चुकवायचं नाही. खालचं सगळं त्याच हिशोबाने आहे.

आधी पैसे, मग घरं

उलटं करू नका. चाळीस घरांची यादी करून मग पैसे गोळा करायला निघालात की आमच्यासारखं होणार. आधी तीन महिन्यांचा खर्च खात्यात पडलेला पाहिजे, तेवढ्यात जेवढी घरं बसतील तेवढीच घ्यायची, बारा बसली तर बारा.

पैसे येतात कुठून? मूठभर धान्य आपल्याकडे जुनंच आहे, बाई स्वयंपाकाला बसली की डब्यात एक मूठ बाजूला. भावना चांगली, पण तीस घरांतलं तांदूळ-गहू एकत्र आलं की त्याचं काय करायचं सांगा, कुणाचा कोलम, कुणाचा रेशनचा, कुणाच्या डब्यात पोरकिडे. म्हणून आम्ही आता एका भागाला एकच वस्तू दिलीय, जुळे सोलापूरवाल्यांनी तूर डाळ, रेल्वे लाइनवाल्यांनी शेंगदाणे, बाकीच्यांनी सरळ पैसे. मूठ डब्यात टाकायची तर टाका, पण महिन्याच्या शेवटी तेवढ्या किमतीचं एक सीलबंद पाकीट आणा.

दुसरं म्हणजे हंगामाच्या सणाचा लिलाव, पिकातलं अर्पण चर्चमध्ये येतं तेव्हाचा. एक भोपळा पाचशेला जातो, घेणारा परत अर्पण करतो, परत तीनशेला जातो, सगळे हसतात, पैसे जमतात आणि मग ते पैसे रंगकामात नाहीतर साउंड सिस्टिममध्ये जातात. त्यातला ठराविक हिस्सा शिध्यासाठी, असा ठराव मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचकमिटीच्या वहीत लिहून घ्या. तोंडी कबूल केलेलं पुढच्या सणापर्यंत कुणालाच आठवत नाही.

पैसे मंडळीच्या खात्यातच घ्या. पाळकसाहेबांच्या नाहीतर कुणा खजिनदाराच्या स्वतःच्या यूपीआयवर अजिबात नाही, माणूस कितीही सरळ असू दे. पावतीचं विचारणारे भेटतात, त्यांना आधीच सांगा : ट्रस्टला प्राप्तिकराची ८०जी नोंदणी असेल तरच करात सवलत मिळते, त्यात पण रोख २,००० च्या वरची रक्कम धरत नाहीत आणि धान्य-वस्तू दिली तर तिच्यावर काहीच मिळत नाही. आणि कुणाचा भाऊ अमेरिकेत असेल तर उगाच हुरळू नका. त्याच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल तर ठीक, पण तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर तो परदेशी निधी झाला, त्याला एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याची, नोंदणी आणि दिल्लीच्या स्टेट बँकेतलं वेगळं खातं लागतं. दोन हजार रुपयांसाठी ट्रस्ट अडचणीत आणायचा का?

अजून एक कागद. अन्नसुरक्षेच्या २००६ च्या कायद्यात नफा करा न करा, अन्न हाताळणारा सगळा कारभार त्यात येतो. तेव्हा अन्न व औषध प्रशासनाच्या ऑफिसात एकदा जाऊन, आपण काय देतो, किती देतो हे सांगून, कोणती नोंदणी लागते ते लेखी विचारून घ्या. घाबरायचं कारण नाही, फी किरकोळ असते.

कमिटी कशी असावी

बायबलातला प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय काढा. पहिल्या मंडळीतच भांडण झालं होतं, रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतंय असं ग्रीक बोलणाऱ्यांनी म्हटलं, तेव्हा प्रेषितांनी काय केलं, आम्ही बघतो असं नाही म्हणाले, सात माणसं निवडायला लावली आणि काम त्यांच्या हातात दिलं. त्या सातांची नावं बघाल तर सगळी ग्रीक आहेत, म्हणजे ज्यांची तक्रार होती बहुतेक त्यांच्यातलेच. मला ही गोष्ट सोलापूरसाठीच लिहिल्यासारखी वाटते. आपल्याकडं एका गल्लीत तेलुगू, पुढच्या गल्लीत कन्नड, पलीकडं दखनी, आणि कमिटीत सगळे मराठी बोलणारे, मग पूर्व भागातल्या बाईने आपली अडचण कुणाला सांगायची?

आम्ही सहा जण आहोत, चार बायका. एकीला तेलुगू घरच्यासारखं येतं, एकाला कन्नड. पाळकसाहेब कमिटीत नाहीत, मुद्दाम. त्यांना "नाही" म्हणायला लावू नये, आणि त्यांच्या ओळखीने नाव घुसवायला लोकांना वाट पण राहू नये. किल्ल्या दोन, दोन वेगळ्या घरी, आणि खोली उघडताना दोघं पाहिजेत.

घरं निवडताना

पहिला नियम, मंडळीचा सभासद असणं ही अट नाही. आमच्याकडं अर्ध्यापेक्षा जास्त घरं ख्रिस्ती नाहीत. दुसरा नियम, घरी जाऊन बघायचं, दोघांनी जायचं आणि त्यातली एक बाई पाहिजेच. गेल्यावर डबे उघडून बघायचे नाहीत! हे सांगायची वेळ यावी याची लाज वाटते पण आमच्यातल्याच एकाने केलंय. टीव्ही आहे, मग गरीब कसे, हे पण नको. टीव्ही बरे दिवस होते तेव्हाचा असतो.

आम्ही चारच गोष्टी विचारतो : घरात खाणारी तोंडं किती, कमावणारी किती, या तीन महिन्यांत काय बिघडलं, आणि रेशन मिळतंय का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. लूम बंद पडला, नवरा अंथरुणाला खिळला, नवरा निघूनच गेला, दवाखान्याचं कर्ज. यात काही घरं सहा महिन्यांत सावरणारी असतात, काही म्हाताऱ्या एकट्या असतात त्या सावरणाऱ्या नसतात, दोघांना एक नियम लावू नका. पहिल्यांना सहा महिन्यांचं कार्ड द्या आणि देतानाच सांगा की सहा महिन्यांनी परत बसून बोलू. दुसऱ्यांना मुदत नको.

आधारची झेरॉक्स आम्ही घेत नाही. तिचं करायचं काय आपल्याला? वहीत आपल्या कार्डाचा नंबर, तोंडं किती, भाग कोणता, फोन असेल तर फोन. नावांची वही एकीकडे, वाटपाची वही दुसरीकडे, वाटपाच्या वहीत नुसते नंबर.

रेशन बघितल्याशिवाय यादी करू नका

बहुतेक जण इथंच चुकतात. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात प्राधान्य गटातल्या घराला माणशी ५ किलो धान्य मिळतं, अंत्योदय कार्डाला घरटी ३५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून ते फुकट आहे. म्हणजे ज्यांचं रेशन चालू आहे त्यांच्या घरात गहू-तांदूळ असतो. नसते ती डाळ, नसतं तेल, शेंगदाणे, साखर, चहा, साबण. आणि आपण काय देतो, तर परत गहू-तांदूळ, कारण पोतं दिसायला मोठं दिसतं आणि फोटोत भरतं.

आमची आजी ७२ च्या दुष्काळातल्या लाल मिलोची गोष्ट सांगायची, बाहेरून आलेलं धान्य, भाकरी थापता यायची नाही, गळ्याखाली उतरायची नाही, आणि तरी "मिळतंय ना" म्हणून गप्प खायचं. देणाऱ्याने हे एकदा डोक्यात ठेवावं.

आमची सध्याची यादी एका घराला अशी : तूर डाळ १ किलो, शेंगदाणे अर्धा किलो, तेल १ लिटरची पिशवी, साखर १ किलो, चहा पावडर, आयोडीनचं मीठ, अंगाचा एक आणि कपड्याचा एक साबण. वर एक वस्तू निवडीची, ३ किलो ज्वारी नाहीतर ३ किलो तांदूळ. तेलुगू घरं जास्त करून तांदूळ उचलतात, बाकीची ज्वारी, भाकरी केली आणि शेंगा चटणी असली की वेळ निघते. शुगर असलेल्या घराला साखरेऐवजी मूग डाळ, हे त्यांनी सांगायची वाट न बघता विचारा. चाळीस घरांना म्हणजे चाळीस किलो डाळ, वीस किलो दाणे, चाळीस पिशव्या तेल, एवढा माल एका रिक्षात बसतो. तेल सुटं घेऊ नका, कितीही स्वस्त पडू दे.

पाच वर्षांच्या आतलं लेकरू असलं की अर्धा किलो गूळ आणि फुटाणे जास्तीचे. पण तान्ह्या बाळासाठी दुधाच्या पावडरचा डबा कुणी आणून दिला तर घेऊ नका, १९९२ च्या कायद्याने अनाथाश्रम सोडून कुणाला तो वाटता येत नाही, आणि एक डबा संपल्यावर दुसरा कोण देणार, तोवर आईचं दूध आटलेलं असतं. त्या आईलाच डाळ-दाणे जास्त द्या आणि अंगणवाडीत नाव घालायला सोबत जा.

आता ज्यांचं रेशनच बंद आहे त्यांचं. वाटपाच्या दिवशी एका कोपऱ्यात तरुण संघाची दोन पोरं फोन घेऊन बसतात आणि मी सांगते, ते टेबल आमच्या डाळीपेक्षा मोलाचं आहे. ई-केवायसी राहिलं म्हणून नाव कटलेलं असतं, नाहीतर मशिनवर अंगठा लागत नाही. बिड्या वळून वळून बोटांच्या रेषा गुळगुळीत झालेल्या, मशीन कुठून घेणार? चेहऱ्यावरून ई-केवायसी करायचं अ‍ॅप आहे, पोरं तिथंच करून देतात. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव चढवणं, वारलेल्याचं कमी करणं, याचे फॉर्म पण तिथंच. एका घराचं पाच जणांचं रेशन सुरू झालं म्हणजे महिन्याला पंचवीस किलो धान्य आलं, तेवढं आपण कधी देणार होतो?

तसंच एकट्या विधवा बाईला संजय गांधी निराधारचा फॉर्म, महिना १,५०० रुपये मिळतात, तहसीलला खेटे घालावे लागतात म्हणून बायका सोडून देतात, तर सोबत जाणारं माणूस द्या. टीबीचं पेशंट असलेलं घर असेल तर मंडळीला निक्षय मित्र म्हणून नाव नोंदवता येतं, २०२२ पासूनची योजना आहे, पेशंटला दर महिन्याला पोषणाचा शिधा द्यायचा असतो. तो आपण देतच असतो, नोंदणीने फक्त दवाखान्याशी जोडले जातो. पेशंटला स्वतःचे सरकारकडून महिना १,००० रुपये खात्यावर येतात ते येतात का एवढं विचारा.

माल आणणं आणि सांभाळणं

किराणा एकाच होलसेल दुकानातून घ्या, दर महिन्याला त्याच तारखेला, दुकानदाराला आपली सवय लागली की तोच डाळीचा भाव वाढायच्या आधी फोन करतो. मार्केट यार्डातला कांदा मात्र जपून. एका जानेवारीत भाव इतका पडला की ओळखीच्या एका शेतकऱ्याने सहा गोण्या आणून टाकल्या, परत न्यायचं भाडं सुद्धा सुटत नव्हतं म्हणाला. आम्ही खूश. ओला माल, बंद खोली, वर एकावर एक गोण्या, आठव्या दिवशी खालच्या गोणीतून पाणी सुटलं आणि रविवारच्या उपासनेला पहिल्या तीन बाकांवर कुणी बसेना. भाजीपाला आला तर त्याच दिवशी, नाहीतर दुसऱ्या दिवशी वाटून मोकळं व्हायचं. मिळालं म्हणून सगळं घ्यायचं नाही.

खोली कोरडी पाहिजे आणि पत्र्याखालची नको, आपला एप्रिल-मे माहीत आहे, चाळिशीच्या वर पारा, त्यात दाणे खवट होतात आणि डाळीला किडे धरतात. पोती जमिनीवर टेकवू नका, भिंतीला चिकटवू नका, खाली लाकडी फळ्या, मागं हात जाईल एवढी जागा, म्हणजे उंदराची लेंडी असली तर दिसते. साबण आणि चहा पावडर एका कपाटात ठेवू नका, आमच्याकडं एक महिना सगळ्या घरांत निरम्याच्या वासाचा चहा झाला. प्रत्येक पोत्यावर आल्याची तारीख खडूने, जुनं पुढं, नवं मागं. किडीसाठी कडुलिंबाचा वाळला पाला बास, धान्यात ठेवायच्या त्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या चर्चच्या आवारात आणू पण नका, त्यातून निघणारा वायू माणूस मारतो. शेंगदाण्याला बुरशी दिसली तर निवडत बसू नका, ती पिशवीच टाकून द्या, त्यातलं विष भाजून जात नाही.

लोक घरातली जुनी पाकिटं आणून देतात, तारीख उलटलेली. तोंडावर परत द्यायला संकोच वाटतो, तरी द्या. "काकू, हे तुम्ही आज तुमच्या घरी शिजवाल का?" एवढं विचारलं की पुढच्या वेळी येत नाही.

वाटपाचा दिवस

आमचा दुसरा शनिवार, दुपारी साडेचार ते सात. हप्ता झालेला असतो, बिड्या कारखान्यात देऊन बायका मोकळ्या झालेल्या असतात. पण तारीख पक्की करण्याआधी त्या त्या भागात पाण्याचा दिवस कधी आहे ते बघा! ज्या दिवशी नळाला पाणी येणार त्या दिवशी सोलापुरातली बाई सोन्याची नाणी वाटली तरी घर सोडणार नाही, घागरी सोडून कोण येतं. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, म्हणजे संक्रांतीच्या आठवड्यात, होम मैदानाकडचे रस्ते भरलेले असतात, तेव्हा लांबून येणाऱ्यांना वेळ बदलून द्या. पण बदल आधीच्या महिन्यातच सांगायचा, तोंडी आणि कार्डावर लिहून.

रांग लावू नका. अर्ध्या तासाला आठ घरं, प्रत्येकाच्या कार्डावर वेळ लिहिलेली. पहिल्या वेळी आम्ही माइकवरून नावं पुकारली होती, एक बाई पदर पुढं ओढून भिंतीकडं तोंड करून उभी राहिली, तिची जाऊ समोरच्याच दुकानात कामाला. माइक त्या दिवसापासून बंद.

टेबलावर वस्तू मांडायच्या, दुकानासारख्या, काटा समोर, आकडा त्यांच्याकडं तोंड करून. डाळ त्यांच्या देखत मोजायची. "मोजून देता होय" असं एक मावशी म्हणाल्या होत्या, आवाजात आनंद होता, फुकटचं म्हणून ओंजळीने ओतलेलं नव्हतं ना. बोर्ड तीन भाषांत, डाळ, पप्पू, बेळे. पप्पू वाचून आमची पोरं अजून हसतात. निवडीच्या वस्तूला टोकन, आणि एखादी वस्तू नको असली तर परत ठेवायची टोपली शेवटी ठेवलीय. तेल आहे घरात, शेजारणीला द्या म्हणून पिशवी परत ठेवणाऱ्या बायका दर महिन्याला दोन-तीन निघतातच.

पिशवी घरून आणायला सांगा. ज्यांच्याकडं नसेल त्यांच्यासाठी टॉवेलच्या कारखान्यातल्या तुकड्यांच्या शिवून घेतल्यात, साध्या, चर्चचं नाव न छापलेल्या. बाजारातून आल्यासारखं घरी जाता आलं पाहिजे.

प्रार्थना आणि फोटो

या दोन्हीवर कमिटीत भांडणं झाली म्हणून स्पष्ट लिहिते. वाटपाच्या वेळी प्रार्थना नाही, संदेश नाही, पिशवीत पत्रक नाही. आम्ही काम सुरू करायच्या आधी आपसात प्रार्थना करतो आणि दार उघडतो, बास. ज्याच्या हातात रिकामी पिशवी आहे तो "नको" म्हणू शकत नाही, त्याला ऐकायला बसवणं बरं नाही. कुणी स्वतःहून माझ्या पोरासाठी प्रार्थना करा म्हटलं तर पाळकसाहेब त्यांच्या खोलीत असतात, शिधा घेऊन झाल्यावर. आणि "तांदळासाठी ख्रिस्ती झालेले" हा टोमणा आपल्या पणजोबांपासून ऐकतोय आपण, त्याला आयतं निमित्त कशाला द्यायचं.

फोटो घेणाऱ्याचा अजिबात नाही. देणगीदाराला पाहिजे तर पोत्यांचा काढा, काट्याचा काढा. एका मोठ्या देणगीदाराने बॅनर धरून फोटो पाहिजेच म्हटलं, आम्ही नाही म्हटलं, त्यांनी पैसे दिले नाहीत, त्या महिन्यात निवडीची वस्तू बंद ठेवली. चाललं.

कमी पडलं तर

पडणारच. लग्नसराईत अर्पण घटतं, जूनमध्ये शाळेच्या फिया असतात तेव्हा पण. खात्यात दोन महिन्यांचाच खर्च उरला की आम्ही नवीन घरं घ्यायचं थांबवतो, एकच महिन्याचा उरला की सगळ्यांचं सारखं कमी करतो, आधी साखर, मग निवडीची वस्तू. डाळ आणि तेल शेवटपर्यंत. काही घरं पूर्ण बंद करून बाकीच्यांचं चालू ठेवायचं नाही. आणि कमी होणार असेल तर आदल्या शनिवारपर्यंत प्रत्येक घरी निरोप गेला पाहिजे, फोन नसेल तिथं माणूस गेला पाहिजे, हे काम वाटून दिलेलं आहे, कुणाकडं कोणते नंबर ते दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलंय.

वाटप संपलं की लगेच शिल्लक मोजायची, घरी जायच्या आधी, उद्या करू म्हटलं की होत नाही. आलेलं, गेलेलं, उरलेलं, दोघांच्या सह्या. पहिल्या रविवारी मंडळीत एवढेच आकडे वाचून दाखवतो, नावं नाहीत. गेल्या महिन्यात चारशे ग्रॅम दाणे कमी भरले, बराच वेळ शोधलं, मग कळलं की काट्याखाली कुणीतरी रुमालाची घडी सरकवून ठेवली होती, टेबल हलतंय म्हणून, आणि काटा तिरपा बसला होता. आता टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा घातलाय, आणि वाटप सुरू करायच्या आधी एक किलोचं माप ठेवून काटा तपासून घेतो, तुम्ही पण घ्या.